भरीव टायर आणि डावा हात

साबणाचं पाणी तिनंच आणलं होतं. सायकलीच्या हँडलवर स्पंजाच्या नव्या मुठी कोरड्या चढत नाहीत. आतून साबणाचं पाणी लावायचं, पिळत पिळत दाबायच्या, मग तासभर उन्हात ठेवलं की पाणी उडतं आणि मूठ दांडीला घट्ट धरते. तिनं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत पकडलं, मी समोरून मुठी चढवल्या. उजवी सरळ गेली. डावी मध्येच अडली. तिनं माझ्या हातावर हात ठेवून नेट लावला, तशी सरकली.

"वाळू दे तासभर," मी म्हणलो.

"तासभर वाळवत बसले तर तिकडं शाळेत लेकरं ताटं वाजवतील. वाळंल वाटंनं."

"मूठ फिरंल हातात."

"फिरू द्या. तुमच्या टायरनं सगळं अंग फिरलंय, मुठीचं काय घिऊन बसलाव?"

लसूण-कढीपत्त्याची पिशवी तिनं कॅरियरला अडकवली, पदर खोचला आणि गेली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मागचं चाक सरळ फिरतंय का, ते पाहत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. गेल्या साली येळवस झाल्यावर चौथ्या दिवशीची सकाळ होती. दुपारी शाळेच्या हेडमास्तरांचा फोन आला.

आता पुन्हा येळवस आली. आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला घरात कुणी राहत नाही, सगळी दुनिया शेतात जाते. आठ दिवस राहिलेत. ज्वारी हुरड्यात आलीय, हरभऱ्याला घाटे धरलेत, बाजारात बायका भज्जीसाठी, येळवशीच्या मिसळ भाजीसाठी, ओल्या तुरीच्या शेंगा आणि मेथीच्या जुड्या घेऊन बसल्यात. सकाळी दुकान उघडलं की सायकलीची लोखंडी दांडी हाताला चावते. डब्यातलं ग्रीस थिजून तुपासारखं होतं, बोटानं खरवडून काढावं लागतं. एरवी हे दिवस मला लई आवडायचे. थंडीत सायकली कमी बिघडतात, आणि माणसं रिकामी असली की दुकानासमोर उभी राहून गप्पा मारतात. या साली ग्रीसचा डबा उघडला की पुन्हा झाकण लावून ठेवतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सरळच लिहितो. माझी एकुलती एक लेक, सुमन, धर्माबादला दिली. ती या येळवशीला येणार हाय. तिच्याशी मी एक खोटं बोललोय, त्याला साल होत आलं. ती यायच्या आधी हे लिहून ठेवायचं आणि तिच्या हातात द्यायचं. तोंडानं मला जमणार नाही. दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा नातवाच्या परीक्षेचं विचारून ठेवून दिला.

अहमदपूरच्या अलीकडं, लातूर-नांदेड रस्त्याला एका फाट्यावर माझं सायकलीचं दुकान हाय. लोक मला मामा म्हणतात. पंक्चर कुणीही काढतं, पण माझं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीनं. नवा पार्ट बाजारात आला की मी तो लगेच विकत नाही. आधी महिनाभर वापरायचा, मग सांगायचं, घ्यावा का घेऊ नये. नांदेडचा ठोक पार्टवाला मला नमुना द्यायचा आणि म्हणायचा, "मामा, तुमी पास केलं की माझा माल खपला." डोंगराळ रस्त्याला काय टिकतं, काळ्या मातीत काय अडकतं, ओझ्याला काय झेपतं, हे सगळं मला कळतं असं पंचक्रोशी म्हणायची. मास्तर लोक यायचे, दूधवाले यायचे, मुलींचे बाप यायचे. मी सीटवर हात ठेवून सांगायचो, "मी स्वतः महिनाभर चालवलंय."

मी चालवलेलं नव्हतं. बारा सालांमागं माझ्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून सायकलीवर टांग पडत नाही. चालवायची ती. माझी बायको, कलावती. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायला फाट्यापासून दीड कोस जायची, रोज. वय साठीच्या पुढं गेलं होतं, कागदावर गेलं नव्हतं. वाकड्या दांडीची लेडीज सायकल, मागं कधी बटाटे, कधी तेलाचा डबा. जाताना उतार, येताना चढ. निम्मा रस्ता डांबरी, निम्मा मुरमाचा. पार्ट पारखायला याहून चांगला रस्ता आख्ख्या जिल्ह्यात मिळाला नसता. याहून चांगला माणूसही मिळाला नसता, पण ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

मी तिला कधी विचारलंही नाही. सकाळी ती चूल सारवत असायची, तेवढ्यात मी पार्ट बसवून मोकळा. ती बाहेर येऊन सायकलीभोवती एक चक्कर मारायची. "आज काय नवं भूत बसवलाव?" म्हणायची आणि जायची. संध्याकाळी आली की मी चहाच्या आधी विचारायचो, कसं वाटलं. तिचं नाही, पार्टचं विचारायचो.

तिचं बोलणं मात्र असं असायचं की बास. डिस्क ब्रेक आला, तेव्हा मी हौसेनं पुढच्या चाकाला बसवला. साध्या ब्रेकच्या रबरात पावसाळ्यात चिखल भरतो, सायकल थांबता थांबत नाही. डिस्कची चकती चाकाच्या मध्यात असते, तिला चिखल लागत नाही. कागदावर सगळं बराबर होतं. तिसऱ्या दिवशी ती गुडघा सोलून आली. उताराला मुरमावर जोरात दाबला, पुढचं चाक जागीच थांबलं आणि सायकल आडवी. मी आधी चकती वाकली का ते बघितलं.

ती ओट्यावर बसून गुडघ्याला हळद लावत म्हणाली, "पुढं साधाच ठिवा. डिस्क मागं लावा. पुढचा लई इमानदार हाय, बोट लावलं की लगीच ऐकतोय. आपल्याला नवऱ्यासारखा पाहिजे, जरा उशिरा ऐकणारा."

दुसऱ्या दिवशी दूधवाला आला, तर मी त्याला सांगतोय, "हे बघ, मुरमाच्या उताराला पुढं डिस्क घिऊ नको. मागं घे. माझा अनुभव हाय." आतून तिचा खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता, हसू दाबत होती.

गियरचंही तसंच. सात गियरचं चाक बसवलं त्या दिवशी ती घरी आली ती वेगळीच दिसत होती. चढ तिनं बसून चढला होता. आजवर निम्म्यातून उतरून ढकलत यायची. इतक्या सालांत पहिल्यांदा वरपर्यंत सीटवर. घामानं भिजलेली, पण तोंडावर असं तेज की मला वाटलं माहेरहून कुणी आलंय. "आवं, वर आल्यावर मी मागं वळून बघितलं. सगळं शिवार दिसतंय तिथून. कधी बघितलंच न्हवतं, मान खाली घालूनच यायची."

मी विचारलं, "चेन उतरली का?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि आत गेली.

मग पावसाळा लागला. गियरचा तो लोंबता हात काळ्या मातीनं भरायचा, चेन दात सोडायची, दोनदा तिला सायकल खांद्यावर घेऊन यावं लागलं. तिनं निकाल दिला, "उन्हाळ्यात माहेर, पावसाळ्यात सासर." हेच वाक्य मी कितीतरी गिऱ्हाइकांना ऐकवलं, ते हसायचे आणि माझ्या बुद्धीला दाद द्यायचे. महिना संपला तसा मी तो गियर काढला आणि डांबरी रस्त्यावर जाणाऱ्या एका प्राध्यापकाला लावून दिला. तिच्यासाठी पावसाळ्यापुरता काढून दिवाळीनंतर परत बसवता आला असता. अर्ध्या तासाचं काम. ती फक्त म्हणाली, "काढलाव का?" आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा निम्म्या चढावर उतरायला लागली.

सीटचं तर सांगायलाच नको. रुंद स्प्रिंगची, अरुंद जेलची, मध्ये खाच असलेली, सगळ्या तिनं झिजवल्या. एकदा मी एका मास्तराला खाचेच्या सीटचे गुण सांगत होतो, रंगात आलो होतो. ती पाण्याची घागर घेऊन तिथूनच चालली होती. मास्तर गेल्यावर म्हणाली, "आवं, लागलं माझ्या ढुंगणाला आणि सांगताव तुमी. लाज न्हाई वाटत?"

मी हसलो. तेव्हा नाही वाटली. आता वाटते, चांगलीच वाटते. पण ही बारीक लाज झाली. मोठी पुढं हाय.

गेल्या साली नांदेडच्या पार्टवाल्यानं भरीव टायरची जोडी दिली. आत ट्यूब नाही, हवा नाही, सगळं रबरच. "मामा, तुमच्या भागात येड्या बाभळीचे काटे. हे घातलं की पंक्चरचं तोंडच बंद."

"मग माझ्या तोंडाचं काय? पंक्चरवरच जेवतो मी."

"तुमचं तोंड कोण बंद करणार मामा!"

भरीव टायर रिममध्ये बसवणं म्हणजे कुस्ती. उकळत्या पाण्यात टाकून मऊ करायचं, दोघांनी मिळून ओढायचं. तिनं पाणी ओतलं, मी पट्ट्या घालून दाबलं, दोघांचेही हात भाजले. पहिल्या दिवशी ती मुद्दाम बाभळीच्या फांद्यांवरून सायकल नेऊन आली, लहान पोरीसारखी. "काटे मोडले!" म्हणाली. चौथ्या दिवशी म्हणाली, "काटा टायरला टोचत न्हाई खरं, पर दिवसभर हाडाला टोचतोय." मी पुठ्ठ्यावर लिहिलं: धक्के. मी प्रत्येक पार्टचे गुणदोष असे पुठ्ठ्यावर लिहायचो.

नवव्या-दहाव्या दिवशी तिनं सायकल भिंतीला लावली आणि तिथंच ओट्यावर बसली. "डावा हात गळून यायला. खांद्यापासून मुंग्या येतात. चढाला दम लागायला, आणि ह्या थंडीत घाम फुटायला. काढा आता ते टायर."

मी काय केलं? पुठ्ठा घेतला. डावा हात – मुंग्या. चढाला जड. घाम येतो. तिन्ही गोष्टी टायरच्या नावावर लिहिल्या. आणि मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतोय, पण आनंदच झाला. इतकी बारीक माहिती कोण देतं? मी तिला समजावून सांगितलं, "बराबर हाय. हवा धक्का पिऊन टाकते, रबर पीत न्हाई. धक्का थेट पुढच्या चाकाच्या चिमट्यातून हँडलला आणि हँडलमधून हाताला. आणि टायर जड, म्हणून दम. महिना भरू दे, मग काढतो."

"महिना कामून? कळलं न्हवं तुमाला?"

"माझा शब्द हाय. महिना म्हणजे महिना."

हँडलला दोन्ही हात असतात. ही एवढी गोष्ट. चाक एक, चिमटा एक, हँडल एक. धक्का वर आला तर दोन्ही हातांत येणार, एकट्या डाव्याला निवडून येणार नाही. एखादं गिऱ्हाईक आलं असतं आणि म्हणलं असतं, मामा, सायकल डावीकडंच ओढते, तर मी सगळी उलगडली असती. चिमटा वाकलाय का, बेरिंगचे छर्रे फुटलेत का, आरे ढिले झालेत का, दिवस घातला असता. चाळीस सालं मी हेच काम करतोय. दोष एकाच बाजूला दिसला तर कारण आत असतं, हे मी सगळ्यांना शिकवतो. तिनं एका बाजूचा दोष सांगितला, आणि मी मूठ बदलायचं ठरवलं.

मध्ये येळवस आली. तिच्या भावाच्या शेतात जायचं ठरलं होतं, आमचं शेत नाही. ताकातल्या आंबिलाची बिंदगी, म्हणजे मडकं, एरवी बायका डोक्यावर नेतात. मी म्हणलो, सायकलीवर बांध, ओझ्याला टायर कसं वागतं तेही कळंल. ती सायकल चालवत, मी मेव्हण्याच्या मोटारसायकलीवर मागं. शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत आली तोवर आंबील निम्मं सांडलं होतं, मागचं चाक ताकानं पांढरं झालेलं. भावजय म्हणाली, "वन्सं, लक्ष्मीला आंबील ठिवलाव का सगळं रस्त्यालाच पाजलाव?" सगळे हसले. तीही हसली, पण हसताना तिनं हात छातीवर ठेवला होता.

कडब्याच्या कोपीत, त्या लहानशा झोपडीत, पांडवांची पूजा झाली, पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेवरून चाललेल्या दोन अनोळखी माणसांनाही हाक मारून बसवलं, येळवशीला तशी रीतच हाय. ती मात्र जेवली नाही. कोपीला टेकून बसली. "छातीत जळजळ व्हायली. आंबील आंबट झालं वाटतं." भावानं विचारलं, "अक्का, हात कामून चोळायलीस?"

ती बोलायच्या आधी मी बोललो. तुराटीची काडी घेतली आणि मातीत चाक काढलं. चाकावर चिमटा, चिमट्यावर हँडल, हँडलवर माणसाचा हात. धक्का कसा वर चढतो ते बाणानं दाखवलं. सगळे पुरुष माझ्याभोवती वाकून बघायला लागले. ते दोन अनोळखीसुद्धा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी इंजिनेर व्हायला पाहिजे व्हतं." मला लई बरं वाटलं. बाजूला ती बसलेली, हात चोळत, माझ्याकडं बघत. तिलाही पटलं होतं. मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. माझं ऐकून तिला खरंच पटलं की हे टायरचं दुखणं हाय. नाहीतर ती स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेली असती. शाळेतल्या बाईनं तिला एकदा म्हणलं होतं, तपासून घ्या. ती बाईला म्हणाली, "आवं, आमचे मालक म्हणले, टायरमुळं हाय." हे मला त्या बाईनं नंतर सांगितलं, रडत.

मग ती साबणाच्या पाण्याची सकाळ, आणि दुपारचा फोन. तांदूळ धुता धुता खाली बसली, म्हणले. हेडमास्तरांच्या गाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा संपलं होतं. हेडमास्तर बाहेर फोनवर होते. आत तरुण डॉक्टर आणि मी, दोघंच.

"आजोबा, हाताचं दुखणं कधीपासून होतं त्यांना?"

मी म्हणलो, "टायर बदलल्यापासून."

त्यानं लिहिता लिहिता मान वर केली. "काय बदलल्यापासून?"

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं आणि तिथंच मला कळलं.  त्यानं पुढं विचारलं नाही. आधी आणलं असतं तर, असंही म्हणला नाही. म्हणला असता तर बरं झालं असतं, निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं.

खोटं कसं पसरतं ते सांगतो. येळवशीला मी मातीत काढलेलं ते चित्र लोकांनी डोक्यात ठेवलं. साल झालं, अजून फाट्यावर म्हणतात, भरीव टायरनं डावा हात जातो, मामानं स्वतः चालवून बघितलं. मी सालभर ऐकत राहिलो. खोडलं नाही. खोडलं तर विचारतील ना, मग हात कशानं जात होता?

परवा गावातली आरोग्य खात्याची आशाताई आली. सुनंदा. घरोघर गोळ्या वाटत फिरते, सायकलीवर. तिचं पंक्चर काढत होतो, त्या आठवड्यातलं तिसरं.

"मामा, ते बिनहवेचे टायर बसवू का? पर त्यानं डावा हात जातो म्हणं. तुमीच सांगितलाव."

मी ट्यूब पाण्यात धरली होती. बुडबुडे आले तिथं बोटानं छेद दाबून धरला. मग म्हणलो, "ताई, तुझा दुखतो का हात? कुठला दुखतो?"

"टायरचं इचारायलाव का डॉक्टरकी करायलाव?" ती हसायला लागली.

"ऐक. भरीव टायर वाईट न्हाई. तुझं ओझं कमी, वाड्या-तांड्यावरच्या वाटा काट्याच्या, चढ न्हाई. पंक्चरपायी तुझा दिवस जातो. तुला चालंल. सायकल जड होईल, खड्ड्यात हाडं वाजतील, दोन्ही हाताला सारखी वाजतील. ज्याला ओझं वाहायचंय, चढ चढायचाय, त्यानं हवेचेच घ्यावेत आणि पंक्चर काढत बसावं. हे झालं टायरचं. आणि एकाच हाताला मुंग्या आल्या, चढाला घाम फुटला, तर टायरचं नाव घिऊ नको. तडक दवाखान्यात जा. माणसाचा दोष मी टायरवर लिहिला."

तिचं हसू गेलं. ती त्याच कामातली, तिला कळायला वेळ लागला नाही. "मामा... मामीचं?"

"हाव."

"आणि सायकल चालवायचं कोण?"

"तीच. सगळं तीच चालवायची. मला टांग टाकता येत न्हाई, बघतीस न्हवं?"

सुनंदा ओट्यावर बसली. मग म्हणाली, "सुमनला म्हाईत हाय?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनं मला समजावलं नाही, जाऊ द्या मामा, असंही म्हणली नाही. सायकल घेतली आणि निघताना एवढंच बोलली, "मग मला कामून सांगताव? तिला सांगा."

म्हणून लिहायला बसलो. सुमन, आता जे लिहितो ते तुझ्यासाठी. तू आईच्या मातीच्या सकाळची आठवण सगळ्यांना सांगतीस, तुझ्या सासरीसुद्धा सांगितलीस म्हणे. ती सकाळ तशी नव्हती.

तू यायची म्हणून तुझ्या आईची माती, तिचा अंत्यविधी, थांबवली होती. धर्माबादहून नांदेड, नांदेडहून पहिली बस, म्हणजे तुला फाट्यावर यायला नऊ-साडेनऊ होणार. तिला आत निजवलं होतं, बायका बसल्या होत्या. हेडमास्तरांनी आदल्या संध्याकाळीच टेम्पोतून सायकल पाठवली होती, ती दुकानासमोर उभी. फटफटायला लागलं तसा मी उठून बाहेर आलो आणि सायकल बघितली. मनात पहिला विचार तुझ्या आईचा आला नाही. विचार आला, सुमन येईल आणि टायर बघील. सायकलवाल्याची लेक तू, लहानपणापासून कुठलीही सायकल दिसली की अंगठ्यानं टायर दाबून बघतीस. हे दाबलं जाणार नाही. मग विचारशील, कधी बसवलं, कामून बसवलं, आई काय म्हणली.

मी सायकल उलटी केली. भरीव टायर काढता येत नाही, कापावं लागतं. करवतीचं पातं घेतलं आणि कापत बसलो. हाताला फोड आले. तुकडे पोत्यात भरले, पोतं भंगाराखाली. बाया तिच्या आंघोळीचं पाणी तापवत होत्या. चुलीशी कुणी नाही असं बघून गेलो आणि तो पुठ्ठा आत घातला. चांगला पेटला. मग माळ्यावरून तिचे जुने टायर काढले, ट्यूब घातल्या, रिमा पुसल्या.

शेजारच्या बायका दारातून बघत होत्या. एक म्हणाली, "केवढी माया बगा. मयत घरात, आणि मालक तिची सायकल सजवायलेत." दुसरीनं डोळ्याला पदर लावला. मी मान वर केली नाही. मला त्या सकाळी रडूही आलं नव्हतं, सुमन. भीती वाटत होती.

पुढच्या चाकात हवा भरून झाली, तेवढ्यात तू आलीस. आत गेलीस, तुझा आवाज मी ऐकला. मग बाहेर आलीस आणि माझ्या खांद्याला धरून तिथंच मातीत बसलीस. म्हणलीस, "बाबा, आई काय म्हणत व्हती का? कुठं दुखतंय, खुपतंय? एका शब्दानं काय बोलली व्हती का?"

"न्हाई," मी म्हणलो, आणि मागच्या चाकाला पंप लावला.